स्टँडर्ड विकत घेणार नाही!

३ जून
ऑर्डर मिळाली! गुडीहत्नूर रोडवरच्या शाळेत बालवाडीच्या पोरांसाठी चढायची शिडी अन् घसरगुंडी. आता मावल्यातल्या माझ्या वेल्डिंग शॉपचं नाव होणार. मुख्याध्यापिका शुभांगी मॅडमची एकच अट: सगळं सेफ्टी स्टँडर्डप्रमाणे पाहिजे, तसं लिहून द्या. इंटरनेटवर शोधलं. परदेशी संस्थेचं निघालं. पहिलं पान फुकट, पुढं कुलूप. किंमत पाहून चष्मा पुसला. पुसूनही तेवढीच. नियम सगळ्यांनी पाळायचा, मग वाचायला पैसे काऊन? एक पैसा देणार नाही. आजपासून लढा.

५ जून, सकाळी
संस्थेला इंग्रजीत कडक ईमेल. पोरांची सेफ्टी विकता, लाज वाटत नाही का, असं. लगेच उत्तर: तुमची वस्तू कार्टमध्ये तुमची वाट पाहत आहे. हादरलेले दिसतात.

८ जून
सुनयना म्हणे, आपल्या सरकारचंही स्टँडर्ड असंल, ते पाहा ना. बायकोला तत्त्वाचा प्रश्न कळत नाही. शेजारचे भगवंतराव रिटायर्ड इंजिनिअर. त्यांना कळला. म्हणाले, हैदराबादच्या एका लायब्ररीत फुकट वाचायला मिळते, फोटो मात्र काढू देत नाहीत. नाही तर नाही. पाठ करतो.

११ जून, परतीच्या बसमध्ये
वाचलं. तिथला एसी फार चांगला, मध्ये थोडं डोळे मिटून चिंतनही झालं. मुख्य मुद्दा पकडला: शिडीच्या दोन दांड्यांमधली फट एक तर इतकी लहान, की पोराचं डोकं शिरूच नये, नाही तर इतकी मोठी, की शिरलं तरी सहज निघावं. दोन्ही आकडे तोंडपाठ. कुलूप तोडलं!

१५ जून
फट लहान ठेवली तर दांड्या जास्त लागतात. मोठी ठेवली तर पोरांचे पाय पुरत नाहीत. म्हणून बरोबर मधली घेतली. सुनयना म्हणे, मधली काऊन? डोकं शिरंल अन् अडकंल. तिला म्हटलं, दोन्ही नियमांचा मान ठेवून राह्यलो. ती कपाळाला हात लावून आत गेली. पटलं असावं.

२० जून
शिडी उभी राहिली. मॅडम पुन्हा म्हणाल्या, लिहून द्या. म्हटलं, कागद कशाला, मीच पुरावा. सगळ्या पोरांसमोर फटीत डोकं घातलं. काय सुंदर शिरलं!

२० जून, संध्याकाळी
निघालं नाही. कान आडवे आले. वॉचमन धावत आला, तेलुगूत विचारलं, एमैंदी सार, काय झालं? त्याला सांगितलं, टेस्टिंग चालू आहे. मॅडमनी पोरांना सुट्टी दिली. ती त्यांनी माझ्याभोवती बसून घालवली. एका पोरीनं बिस्किट भरवलं. मग सुनयना खोबरेल तेल घेऊन आली. तेलानं भागलं नाही, तेव्हा कटर. दांडी कापता कापता म्हणे, सरकारी वेबसाइटवर नाव नोंदवलं, आपल्या देशाचं स्टँडर्ड फुकट उतरवून घेतलं. मी विचारलं, मले सांगितलं काऊन नाही? म्हणे, सांगतच होती, तुमी चिंतन करून राह्यले होते.

पोराचं डोकं असतं तर, एवढंच मॅडम म्हणाल्या. मी तिथंच खाली बसलो. थकवा असावा.

२२ जून
सरकारी स्टँडर्ड वाचलं. समजायला सोपं आहे, त्यामुळं थोडा संशय येतो. मॅडमनी ऑर्डर ठेवली, पण लिहून द्यायच्या कागदावर सही सुनयनाची पाहिजे. मी तीव्र निषेध नोंदवला. कोणी विचारलं नव्हतं. नवी शिडी आखायला ती शॉपमध्ये गेली आहे. टेपचं दुसरं टोक धरायला बोलावून राह्यली. तिसरी हाक. लढा चालूच आहे, पण जातो.