पाव निर्दोष आहे

ताई,

तू फोन घरीच विसरलीस, म्हणून डॉक्टरीणबाईंशी मीच बोलले. रिपोर्ट स्वच्छ आला, योनीतला यीस्टचा, म्हणजे बुरशीचा, संसर्ग गेला. तो तुझ्या एंडोमेट्रिओसिसमुळे, त्या गर्भाशयाच्या अस्तराच्या दुखण्यामुळे, होतो का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "संबंध असेलही, पण सिद्ध झालेला नाही." मग तू दुखण्याच्या नि औषधांच्या नोंदी ठेवतेस ती डायरी पुन्हा वाचली. तिन्ही वेळा खाज अँटिबायोटिक घेतल्यावरच सुरू झाली होती. पुढच्या वेळी हे त्यांना आधीच सांगू.

पावातही यीस्ट असतं म्हणून मी मात्र पावावर आळ घेतला आणि बेकरीत रोज पाव भाजणाऱ्या तुला चार महिने घासभरही खाऊ दिला नाही. चुकलं माझं.

फडक्याखाली तुझाच पाव ठेवलाय. कडेचा खरपूस तुकडा नेहमी मी पळवते, आज हातही लावलेला नाही.

धाकटी