शटरला तेल

प्रिय दादा,

कॅमेऱ्यातली स्प्रिंग उडाली ती आईच्या चष्म्यावर आपटून बहुधा कपाटाखाली गेली, आणि मी पालथा पडून तिथे हात घालत असतानाच तुला पत्र लिहायचं ठरवलं. साष्टांग नमस्कार त्यात आपोआप घडला. तो रुजू करून घे. वहिनीची कंबर कशी आहे? इकडे सगळे ठीक. चष्माही.

बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याचं शटर का अडकलं, ते कळलं. मागच्या खेपेला तू त्याला शिलाई मशीनचं तेल पाजलंस. आपल्या घरात कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल देतात (आत्या सोडून), हे मान्य. पण शटरची पाती कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. तेलाने ती एकमेकांना अशी बिलगली, की लग्नात भेटलेल्या मावश्या बऱ्या.

आत्या उद्या कायमची मुलीकडे राहायला जाते. घरात तिचा एक धड फोटो नाही. असतो तो खांदा, नाहीतर पाठमोरा अंबाडा. खूप मिनतवाऱ्या केल्यावर म्हणाली, "काढा. पण माझ्या भावाच्या कॅमेऱ्याने. त्या फोनसमोर मी बसायची नाही." आम्ही हुरळलो. शटर बंद आहे हे तिला आधीपासून ठाऊक होतं.

मी भिंग उतरवलं, स्पिरिटच्या बोळ्याने पाती पुसली. आईने बॅटरी धरली होती (उजेड माझे हात सोडून सगळीकडे). तेवढ्यात ती स्प्रिंग. कपाटाखाली नव्हतीच, आत्याच्या पायाखाली होती, आणि आत्या पाय हलवेना. मुंग्या आल्यात म्हणे.

"वन्सं, उचला हो पाय. पोरगा केव्हाचा आडवा पडलाय."

"आडवाच बरा दिसतो," आत्या म्हणाली. पण उचलला.

स्प्रिंग बसवली, बटण दाबलं. खट्. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्. दादा, निकालाच्या दिवशीही माझा जीव इतका भांड्यात पडला नव्हता. आत्याने कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं. मग आईला म्हणाली, "माझा कंगवा सामानात बांधलाय. तुझा दे."

तुझा,
धाकटा

ता. क. रोल आणलाय. तो भरायचा कसा, हे बाबांनी फक्त तुला शिकवलं होतं. ताबडतोब कळव. (पत्र पोचेपर्यंत आत्या गेलेली असेल, हे आत्ता लक्षात आलं. फोन करतोय, उचल.)

ता. ता. क. तू सांगितलंस तसा रोल भरला. सकाळी आत्या खिडकीपाशी बसली, फोटो काढला, आणि ती गाडीत बसून गेली.