तिसरी वायर

जोहे, ता. पेण
१२ जानेवारी १९९६

चि. हरेशला ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. रोह्याच्या कंपनीच्या कॉलनीची देखभाल तुला मिळाली हे वाचून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. शाळेतला नळ मोडून मार खाणारा माझा भाऊ आता अख्ख्या कॉलनीचे नळ सांभाळणार! हसू नको तर काय करू?

कंपनी म्हणते तशी शिकलेली, परवान्याची माणसंच घे. ओळखीपाळखीची खोगीरभरती नको. असं लिहून पुढच्याच ओळीत ओळखीचं माणूस सुचवते, बघ तुझी बहीण! ह्यांना काहीतरी काम दे. मूर्तींच्या कारखान्यात थोरल्या दिरांशी ह्यांचं पटत नाय. परवा कामगारांदेखत बोलणी खाल्ली, तेव्हापासून घरात धड जेवण नाय की बोलणं नाय. ह्यांचा हात मूर्तींच्या प्लास्टरवर बसलेला हाय. गच्चीची गळती, गिलावा, असलं काही बघ. तुझ्याकडे मानाने राहतील.

शीतलला आणि तुला माझी माया आहेच, तुमचीही कमी होऊ देऊ नका.

तुझी ताई,
अनिता

•

रोहा
२ फेब्रुवारी १९९६

ती. अनिताताईस हरेशचा शि. सा. न. वि. वि.

निलेशभावोजी आमच्याकडे मजेत आहेत. शीतल त्यांना खाडीचे निवटे रांधून घालते. परत येतील तेव्हा सदरे उसवावे लागतील, सुईदोरा तयार ठेव.

माणसं जमली. नळकामाला सखा. त्याचे कागद तपासलेच, वर माझ्यासमोर पाइपचा जोड करून दाखव म्हटलं. चिडला, पण केला. विजेच्या कामाला निडीचे मोरूकाका, सरकारी परवाना असलेले. गुडघे गेलेत त्यांचे, म्हणून हाताखाली माणूस हवा होता. भावोजींनी गिलाव्याचं नावच काढू दिलं नाही. म्हणाले, गावात निम्म्या घरांचं वायरिंग मी केलंय, मला तेच दे.

आता त्यांना कागद दाखवा, काम करून दाखवा, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? लग्नात कान पिळला तेवढाच, नंतर त्यांच्यापुढे मान वर केली नाही मी. बहिणीच्या नवऱ्याची परीक्षा घेतली असं ऐकलं तर आई मला उंबऱ्यात उभं करणार नाही. तेव्हा काम ते करतात, सही मोरूकाका करतात. सगळ्या न्हाणीघरांतले गिझर भावोजींकडे दिलेत. पाडव्याला कुटुंबं राहायला येतील.

नम्रताला मामाचा पापा. असाच जीव लावत राहा.

तुझा,
हरेश

•

जोहे
७ फेब्रुवारी १९९६

चि. हरेश, अ. उ. आ.

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते. वाचलंस की फाड.

ह्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाय. जन्मापासूनच. पूर्वी रंगकामाला बसायचे, तेव्हा एका मोठ्या मूर्तीचा लाल शेला हिरवा करून ठेवला. सासऱ्यांनी ह्यांना रंगाजवळून उठवलं आणि गावात सांगितलं, रंगाच्या वासाने पोराला खोकला होतो. रंगाऱ्याच्या घरात ही गोष्ट बाहेर कशी जाऊ द्यायची? गाव अजून खोकलाच समजतं. मला सासूबाईंनी सांगितलं ते शपथ घालून. ह्यांना वाटतं, मला ठाऊकच नाय.

गावात दोनच वायरी असतात, टेस्टर लावला की भागतं. तुझ्याकडे तिसरी असते ना रे, अर्थिंगची? ती हिरवी, आणि विजेची लाल. बंद लाइनीवर टेस्टर काय सांगणार? ओल्या अंगाने कुणाचं तरी लेकरू गिझरला हात लावील. हरेश, डोळ्याला डोळा लागत नाय माझ्या.

मी सांगितलं हे त्यांना कळलं तर माझा संसार उठला समज. काहीही निमित्त कर, पण त्यांना तिथून काढ. दुसरं काय मागू?

तुझी,
ताई

•

रोहा
१४ फेब्रुवारी १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं तसा मोरूकाकांना घेऊन कॉलनीत गेलो. गिझरजवळचा एकेक जोडणीचा खोका उघडला. तीन गिझरांत लाल आणि हिरवी उलट जोडलेली. पाणी तापलं नसतं, आणि गिझरच्या पत्र्यात वीज उतरली असती. मोरूकाकांनी न बघताच सही केली होती, हे त्यांनी तिथेच कबूल केलं. सगळं सोडवून नव्याने जोडतोय.

भावोजींना मी म्हटलं, कंपनीला परवान्याचाच माणूस हवा. त्यांनी उघडे खोके बघितले आणि विचारलं, कोणी सांगितलं? कोणीच नाही म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. पिशवी उचलून स्टेशनच्या रस्त्याला लागले. त्याला दोन दिवस झाले. घरी पोचले का गं?

परक्यांना पारखून घेतलं आणि आपल्या माणसाला मान दिला. त्या मानापायी कुणाचं तरी पोर गेलं असतं. आणि आता तुझ्या घराची राख होते की काय, या भीतीत आहे. तू लिहीपर्यंत माझ्यात जीव नाही.

तुझा,
हरेश

•

जोहे
२१ फेब्रुवारी १९९६

हरेशराव यांस निलेशचा स. न. वि. वि.

हिला काय लिहावं सुचत नाय, म्हणून मीच लिहितो. जिते गावी कान्हू नावाच्या मित्राकडे पडून होतो, मग घरी आलो. खोटं कशाला बोलू, राग घेऊनच आलो. घरातलं झाकलेलं भावाला उघडून दाखवणारी बायको मला नको, तिला माहेरी पोचवायचं, असं ठरवूनच उंबऱ्यात पाय टाकला.

ही ताट वाढून बाजूला उभी राहिली. आई मध्ये पडली. म्हणाली, पोचव तिला, पण आधी ऐक, आणि मग डोहाळजेवणाच्या साडीचं मला सांगितलं. हिच्या डोहाळजेवणाला पेणच्या बाजारातून मी स्वतः निवडून हिरवी साडी आणली होती. दुकानदाराला विचारायची लाज वाटली होती मला. ती साडी तपकिरी होती, हरेशराव. आईने हिला गुपचूप दुसरी दिली, तर ही म्हणाली, त्यांनी हिरवी म्हणून आणलीय, मी हिरवीच नेसणार. गावच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ही त्यांच्यात ओटी भरून घेत बसली. आणि मी दारातून बघत होतो, छाती फुगवून. मला हे आज कळतंय.

माझी लाज तिने एवढी वर्षं अंगावर वागवली, ती फक्त कुणाचं लेकरू वाचावं म्हणून खाली ठेवली. मी तिच्यावर कसला रागवू?

मोरूकाकांचे पाय धरायला सोमवारी येतोय. गच्चीचं काम शिल्लक असेल तर करीन, पण चार जणांसारखं मलाही पारखून घ्या. आणि एक काम आहे. माझ्यासोबत रोह्याच्या बाजारात चला. हिला हिरवी साडी घ्यायची आहे. ही हिरवी आहे का, असं मी तुम्हाला दुकानात सगळ्यांसमोर मोठ्याने विचारणार आहे.

घरच्यांना नमस्कार. मला आपल्यातलाच समजा.

तुमचा,
निलेश