थंड कॉईलचा आकडा

उस्ताद, तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस म्हातारपणी काय काय दुरुस्त करत बसतो ते कळलं असतं तर तुम्ही कपाळाला हात लावला असता. गेल्या ईदच्या सुट्टीत मी नखाएवढी एक कॉईल सुधारली. ना पंपाची, ना एसीच्या पंख्याची. सिगारेटऐवजी ओढायच्या यंत्राची. तुमच्या वेळी हे नव्हतं. मुठीत मावेल एवढी डबी, आत बॅटरी, वर काचेची टाकी, टाकीत निकोटिनचं गोड वासाचं औषधासारखं पाणी, आणि मधोमध कापसात गुंडाळलेली तारेची कॉईल. बटण दाबलं की कॉईल तापते, कापसातलं पाणी वाफ होतं, आणि माणूस ती वाफ ओढतो. माझा मुलगा ओढतो. चौतिसाव्या वर्षी तो खोकायला लागलाय, उस्ताद, आणि पाठमोरा बसून खोकला की मला वाटतं तुम्हीच आपल्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात बसलाय.

तो दुबईत असतो. बारा वर्षं सिगारेट ओढली, आता दोन महिन्यांपासून ती सोडायला म्हणून हे यंत्र घेतलंय. सुट्टीला गाडी घेऊन मस्कतला, दार्सैतमध्ये आमच्याकडे आला. इथे हे विकायला बंदी, म्हणून त्याची आई दारातच त्याच्यावर उखडली, आणि ते घराबाहेर काढायचं नाही, पुन्हा आणायचंही नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर बघतो तर साहेब बाल्कनीत उभे, शर्टाच्या खिशात सिगारेटचं नवं कोरं पाकीट. खालच्या दुकानातून आणलेलं. अजून फोडलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "हे काय रे? सोडली होतीस ना?"

"बाबा, ते मशीन बोगस आहे. दर दोन दिवसांनी जळकी चव येते. असा घसा धरतो की विचारू नका. त्यापेक्षा सिगारेट बरी, निदान चव तरी माहितीची."

"जळकी म्हणजे कशी?"

"म्हणजे... आई इस्त्री विसरते ना शर्टावर, तशी."

आता तुम्हीच सांगा, आयुष्यभर मोटरींमधली तारांची जळलेली वाइंडिंगं हुंगत आलेल्या माणसाला हे ऐकवल्यावर तो गप्प बसेल का? मी म्हटलं, आण इकडे. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा पुसला आणि ते खोललं. कापूस मधून काळा झालेला. सरळ गोष्ट होती. यंत्र वॅटवर लावलेलं. म्हणजे टाकीतलं पाणी कापसापर्यंत पोहोचलंय की नाही याची त्याला पर्वा नाही, सांगितला तेवढा जोर ते देत राहणार. टोपात पाणी असो नसो, खाली गॅस मोठाच. कापूस सुकला की कॉईल वाटेल तेवढी तापणार आणि कापूस करपणार. भात लागतो तसा. मग मी त्या छोट्या पडद्यावर बटणं दाबत गेलो तर त्यात दुसरी सोय दिसली, तपमान धरून ठेवायची. आपण आकडा लावायचा, कॉईल तेवढी तापली की यंत्र आपणहून जोर कमी करतं. कापूस सुकत आला तर वाफ नुसती कमी कमी होत जाते, करपट नाही होत. पहिला झुरका आणि शेवटचा झुरका एकाच चवीचा. पाणी जास्त तापून त्याचं भलतंच काही होत नाही, कॉईल आणि कापूस कितीतरी दिवस जास्त टिकतात, बॅटरीही फुकट जात नाही. मी पोराला म्हटलं, अरे, यात सुगरण बसवलेली आहे, तू तिला स्वयंपाकघरात येऊच देत नाहीयेस.

"लावून बघितलं होतं बाबा," तो म्हणाला. "तेपण जळतं. म्हणून तर म्हणतोय बोगस."

इथे मी अडकलो. तपमानावर लावूनही जळतं म्हणजे काय? एवढ्याशा कॉईलमध्ये तपमान मोजायचा काटा कुठे बसवणार? तो नसतोच. मग यंत्राला कसं कळतं? आणि उस्ताद, त्या क्षणी तुमचा आवाज आला. अगदी आला.

माझं तुमच्याकडे पहिलंच वर्ष. हमरियाच्या त्या दुकानात एका बागेतल्या पंपाची मोटर आली होती, सकाळपासून उन्हात चाललेली. तुम्ही दुपारच्या, जुहरच्या नमाजाला गेला होता. मी हुशारी करायला गेलो. मीटर लावला, रेझिस्टन्स, म्हणजे तार विजेला किती अडवते ते मोजलं, तुमच्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिलं तर पाचवा हिस्सा जास्त. मी ठरवलं, आधीच्या कारागिराने बारीक तार भरलीय. छिन्नी घेतली आणि सगळं वाइंडिंग कापून काढलं. तुम्ही परत आलात, मोटरच्या अंगावर तळवा ठेवलात. अजून गरम होती. मग तुम्ही वही माझ्यापुढे धरलीत आणि प्रत्येक आकड्याशेजारी लिहिलेला दुसरा आकडा बोटाने दाखवलात. त्या दिवशीचं तपमान. मी ते कधी वाचलंच नव्हतं.

"गाववाल्या," तुम्ही म्हणालात, "तापलेल्या माणसाला कधी कुणी खरं-खोटं विचारतं काय? तार तापली की आकडा चढतो. थंड होऊ दे, चाय पिऊन ये, मग विचार तिला. चांगली मोटर मारलीस तू."

ती मोटर तुम्ही माझ्याकडूनच भरून घेतलीत. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, पण तुमच्या डब्यातला बांगडा रोज माझ्या ताटात वाढलात. रागावण्याची ही तऱ्हा मला पुढे कुणाकडे दिसली नाही.

तर तेच तत्त्व. हे यंत्र कॉईलचा रेझिस्टन्सच मोजतं, क्षणाक्षणाला. थंड असताना किती होता ते आधी नोंदून ठेवतं, आणि तो किती चढला त्यावरून कॉईल किती तापली ते ओळखतं. म्हणून तारही आकडा चढणारी लागते. आपल्या हीटरची तार त्यात चालायची नाही, तिचा आकडा हलतच नाही. पोराची स्टीलची होती, ती बरोबर. मी विचारलं, "नवीन कॉईल बसवलीस ती कुठे बसवलीस?"

"गाडीत."

"कधी?"

"येताना. खाली पार्किंगला पोचल्यावर. यंत्र डॅशबोर्डवरच होतं. ते विचारतं नवीन कॉईल आहे का, मी हो म्हणालो."

जूनच्या दुपारी मस्कतच्या पार्किंगमधली गाडी! त्या काचेखाली हात ठेवला तर फोड येतो. यंत्राने तो तापलेला आकडा थंड म्हणून डोक्यात पक्का केला. मग त्याने पुढचं सगळं मोजमाप तिथून धरलं आणि थांबायचं तिथे न थांबता पुढेच गेलं. पोराने माझीच चूक केली होती, चाळीस वर्षांनी, आणि रागवायला तुम्ही नव्हतात. मी यंत्र एसीच्या खोलीत ठेवलं आणि त्याला म्हटलं, चहा पिऊन येऊ. त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वा, बाप-लेक मिळून आता धूर दुरुस्त करताहेत! इंजिनियर झाला तो याच्यासाठीच."

पाऊण तासाने नवा कापूस भरला, कॉईल थंड आहे ना ते ओठाला लावून पाहिलं, यंत्र तपमानावर लावलं आणि थंड आकडा नव्याने नोंदवून पक्का केला. त्याने ओढून बघितलं. मग टाकीतलं पाणी मुद्दाम संपत आणून पुन्हा ओढलं. वाफ रोडावली, पण करपली नाही. "च्यायला," तो म्हणाला, आणि आईने ऐकलं म्हणून जीभ चावली. पाकीट त्याने न फोडताच माझ्या हातात दिलं. मी त्याला स्पष्ट सांगितलं, हे काही औषध नव्हे. करपट नाही इतकंच. निकोटिन जायचं तेवढं जातंच आहे, तेव्हा पाण्यातलं ते दर महिन्याला कमी करत यायचं आणि एक दिवस ही डबीही टाकायची. आणि जोर यावा म्हणून वर जोडून दिलं, "मला बघ. उस्ताद गेले त्या दिवशी सोडली, पुन्हा हात लावला नाही."

हे वाक्य तो लहानपणापासून ऐकत आलाय. घरात ते देव्हाऱ्यातल्या समईसारखं तेवत ठेवलेलं आहे. तुमचं नाव निघालं की मी ते सांगायचो. वाइंडिंगवरचं वार्निश सुकवायच्या भट्टीला तुम्ही स्वतःच्या हाताने थर्मोस्टॅट बसवला होता, आणि सांगायचात, पेटवायला कुणालाही येतं, थांबवता येणं हा आपला धंदा. आणि तेच तुम्ही एका सिगारेटवर दुसरी पेटवायचात. भट्टीला थर्मोस्टॅट लावलात, स्वतःला नाही. असं सांगून मग मी माझी फुशारकी मारायचो.

काल शुक्रवार. दुपारी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाला, "बाबा, परवा ऑफिसखाली एक सिगारेट ओढली. मग काल दोन. मशीन नीट चालतंय, त्याचा काही प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम माझा आहे. तुम्ही एका दिवसात सोडलीत. माझ्यात ते नाहीये. ते मशीन मित्राला देऊन टाकतो, उगाच नाटक कशाला."

मी खुर्चीत बसलो. माझ्याच खोट्या आकड्यावर पोरगा स्वतःला मोजत होता. म्हटलं, ऐक. मी एका दिवसात सोडली नाही. दीड वर्ष लागलं. दुकानामागे कॉम्प्रेसरच्या आडोशाला ओढायचो, लवंग चघळून घरी यायचो. चारदा सोडली, चारदा धरली. उस्तादांना माती दिली त्या दिवशीसुद्धा कबरस्तानातून बाहेर पडलो आणि टॅक्सी येईपर्यंत दोन ओढल्या.

मला वाटलं, गेलं, आता बापावरचाही विश्वास गेला. मग म्हणाला, "दीड वर्ष?"

"वर थोडे दिवस."

"आईला माहीत होतं?"

आई माझ्या शेजारीच भाजी निवडत होती. ती फोनकडे तोंड करून म्हणाली, "लवंगांचा डबा पंधरा दिवसांत रिकामा व्हायचा. मी काय वेडी होते?"

तो हसला. खोकलाही, पण आधी हसला. मशीन देऊन टाकत नाही म्हणाला. पाण्यातलं निकोटिन या महिन्यात उतरवतो म्हणाला. बघू. इन्शाल्ला.

त्याला एवढं सांगितलं, उस्ताद, पण सगळं नाही सांगितलं. शेवटच्या आजारपणात तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हा नऊ दिवस तुम्ही सिगारेटला हात लावला नव्हता. डॉक्टर खूश होते. दहाव्या दिवशी मी तुम्हाला चाकाच्या खुर्चीतून मागच्या अंगणात हवा खायला नेलं आणि पाकीट पुढे केलं. नंतर सगळ्यांना सांगितलं, म्हाताऱ्याने हट्टच धरला, काय करणार. तुम्ही मागितली नव्हतीत. मला ओढायची होती, आणि तुमच्यासमोर एकट्याने ओढायला लाज वाटत होती.