दे आणि पळ

११ जानेवारी, रविवार

कोहरा एवढा की निम्म्या पोरी दिसतच नव्हत्या. शिट्टी मारायची आणि आवाजावर गोळा करायच्या. सोळा पोरी, तीन चेंडू. एवढ्यात ड्रिब्लिंग कसं शिकवायचं ते कुणीतरी येऊन मला दाखवावं. एकीनं चेंडू घेऊन नाचायचं आणि बाकीच्यांनी थंडीत काकडत बघायचं? म्हणून माझं एकच — दे आणि पळ. दिला की जागा बदल. कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळताना मीही हेच शिकलो, रेल्वे कॉलनीच्या या मैदानावर हेच शिकवतो.

विश्वजीत येऊन उभा राहिला होता. दुर्गाघाटाकडच्या जुन्या मराठी घरातला पोरगा, युनिव्हर्सिटीत फिजिकल एज्युकेशन करतो, कोचिंगचं लायसन्स काढलंय. म्हणाला, "काका, बारा वर्षांपर्यंत पोरींना बॉलशी दोस्ती करू द्या. पास तर बाद में पण शिकवता येतो. ड्रिबल नाही येत नंतर, उमर निघून जाते."

म्हटलं, "दोस्ती करायला प्रत्येकीला चेंडू लागतो. आण बाबा अजून तेरा चेंडू, मग बोलू."

हसला आणि चहा प्यायला गेला. त्याचं बरोबर असणार. तेच टोचतं.

घसा बसलाय. हल्ली पहिली येईल तिला काय करायचं ते सांगतो, ती बाकीच्यांना सांगते. तेवढंच बरं पडतं.

१४ जानेवारी

संक्रांत. इथं खिचडी म्हणतात. दिवसभर पार्सल ऑफिसात उभा. वीणानं डब्यातून दिलेला तिळगूळ साहेबांनी संपवला आणि गोड बोलले मात्र नाहीत.

१८ जानेवारी, रविवार

आज गीता रुसून गेली.

यज्ञेश्वर गुरुजींची ही मुलगी. गुरुजी अमृतराव घाटावर, आपल्याकडून येणाऱ्या लोकांचे विधी करतात. घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. पोरगी त्या गल्लीतच खेळायला शिकली — स्कूटर, सांड, भाजीची पाटी, सगळ्यांच्या मधून चेंडू काढायचा. मयत आली की चेंडूवर पाय ठेवून भिंतीला चिकटायचं, गेली की पुन्हा सुरू. तिघी जणी अंगावर गेल्या तरी तिच्याकडून चेंडू निघत नाही. आणि ती तो देत नाही! "पास दे" म्हटलं की "देती हूँ ना, सर" म्हणते आणि चौथीच्या अंगावर जाते.

मी नियम केला, दोन स्पर्शांत चेंडू सोडायचा. पाच मिनिटं केलं बिचारीनं. मग चेंडू हातात उचलून मला आणून दिला. "ये मेरे से नहीं होगा." डोळ्यांत पाणी. चप्पल घालून चालू लागली.

संध्याकाळी गुरुजींचा फोन. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर ते म्हणाले, "येईल ती परत, तुम्ही मनावर घेऊ नका. फक्त एकादशीला तिला फार पळवू नका, उपास असतो."

आणि माझी पोरगी, रुची? अगदी उलटी. पायात चेंडू यायच्या आधी मान वर. कोण कुठं उभी आहे सगळं ठाऊक. अकरा वर्षांच्या पोरीत एवढं मी कधी बघितलं नाही — बाप म्हणून नव्हे, कोच म्हणून लिहितोय. पण समोर एक जण उभी राहिली की हिचं संपलं. चुकवता येत नाही. शिकवलंच नाही मी, येणार कुठून?

२२ जानेवारी

बदलीची ऑर्डर. सोनभद्रात, डोंगरातल्या एका स्टेशनचं गुड्स ऑफिस. कोळशाच्या गाड्या थांबतात, माणसांच्या दोनच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

तिथल्या एकाला फोन केला. शाळा आहे का? आहे. मैदान? तो म्हणाला, "मैदान? यहाँ तो पहाड़ है, बाबू."

२५ जानेवारी, रविवार

प्रॅक्टिस घेतली, कुणाला काही सांगितलं नाही.

वीणाला म्हटलं, तू आणि रुची इथंच खोली घेऊन राहा. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "दोन ठिकाणी घर मांडायचं नाही. एकदा मांडलं होतं, तुम्ही इथं आणि आम्ही कोल्हापुरात. रुची तुम्हाला काका म्हणायला लागली होती. परत नाही."

मी विसळलेली भांडी पुसायला घेतली.

मग तीच म्हणाली, "ते हॉस्टेलचं काय? विश्वजीत सांगत होता ना?"

खेळाडू मुलींचं सरकारी हॉस्टेल. राहणं, शाळा, खेळ सगळं तिथंच. निवड फेब्रुवारीत. तेवढी एकच वाट उरली आहे. तिथं घेतलं तर रुची खेळेल. नाही घेतलं तर डोंगरात आमच्याबरोबर, आणि फुटबॉल संपला.

१ फेब्रुवारी, रविवार

आज एका शाळेच्या टीमबरोबर मॅच. हरलो, पण एक गोल असा झाला की माझा गुडघा दुखायचा थांबला. मागून चेंडू आला, रुचीनं न बघता डावीकडं दिला, तिकडून पुन्हा रुची, रुचीकडून गीता — आणि गीतानं, होय गीतानं, समोर गोल दिसत असताना बाजूच्या पोरीला दिला! सगळ्याजणी एकमेकींच्या अंगावर पडल्या. ती पोरगी गोल मारून रडत होती.

सहा वर्षं या मैदानावर घसा फोडला तो या एवढ्यासाठी. समोरच्या पोरींना आमचं "मागं! मागं!" कळत नव्हतं, त्याचीही मजा. आमच्या हिंदी पोरींना मराठीतले एवढे चार शब्द येतात — दे, पळ, मागं, सोड.

घरी येताना रुची म्हणाली, "पप्पा, गीतानं दिला! बघितलंत ना?" स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

६ फेब्रुवारी

विश्वजीतला चहा पाजला आणि सरळ विचारलं. रुचीचं काय होईल?

त्यानं कुल्हड खाली ठेवला. "काका, बुरा नका मानू. निवडीत एकेका टीमला वीस मिनिटं. बॉल जिच्यापाशी, डोळे तिच्यापाशी. पास देणारी तिथं दिसतच नाही. चांगली असली तरी नाही दिसत. गीता दिसेल."

"आणि रुची?"

"रुची मला दिसते. मी दोन वर्षं बघतोय म्हणून."

खरं बोलणाऱ्या माणसाचा राग करता येत नाही. केला तरीही.

१३ फेब्रुवारी

आज रुचीला एकटीला चुकवायला शिकवत होतो, क्वार्टरच्या मागं दोन विटा ठेवून. विटा चुकवते. मी समोर उभा राहिलो की चेंडू थांबवून माझ्याकडं बघते. बारा वर्षांच्या आत, म्हणाला होता विश्वजीत. आठ दिवसांत काय होणार आहे!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या निवड.

संध्याकाळी रुची गच्चीत बूट पुसत बसली होती. मी शेजारी बसलो. मग म्हटलं, "उद्या कुणाला पास द्यायचा नाही. चेंडू आला की घेऊन निघायचं. गेला तर गेला, पण द्यायचा नाही."

तिनं मान वर केली. "कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"बरं," म्हणाली. पुन्हा बूट पुसायला लागली. का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर होतं, पाठ करून ठेवलं होतं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान. असू दे. इतकी वर्षं सगळ्यांच्या पोरींचं बघितलं, एक दिवस माझ्या पोरीचं बघतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला नको वाटतंय.

स्टेडियमवर प्रत्येक टीम एकत्रच, दुसऱ्या टीमसमोर उतरवत होते. आमच्या पोरी उतरल्या. पहिला चेंडू उजव्या बाजूच्या पोरीकडं. ती घेऊन निघाली. रुची मोकळी होती, गीता मोकळी होती. ती आपली चालली, आणि चेंडू घालवला. वाटलं, घाबरली. मग दुसरी, मग तिसरी. गोलकीपरसुद्धा चेंडू पायात घेऊन निघाली! अकराच्या अकरा जणी, जिला चेंडू मिळेल ती मान खाली घालून सुटायची. आमच्याच दोघी एका चेंडूसाठी एकमेकींच्या पायात आल्या आणि पडल्या. बाजूला बसलेले पालक हसायला लागले.

रुचीला चेंडू मिळाला तेव्हा समोर एकच पोरगी होती. तिनं चुकवायचा प्रयत्न केला. गेला. पुन्हा मिळाला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेल्यावर तिनं रेषेकडं, माझ्याकडं बघितलं. "पास दे" ओठांवर आलं होतं. कुठल्या तोंडानं ओरडू?

मध्ये पाणी प्यायला गीता आली, तिला म्हटलं, "अगं हे काय चाललंय तुमचं?"

ती चकित. "सर, आप ही ने तो बोला था. रुचीने सबको बताया. आज कोई पास नहीं."

बसलोच मी गवतावर.

पुढच्या दहा मिनिटांत गीतानं तिच्या गल्लीतलं सगळं दाखवलं. चौघींना चुकवून गोल केला. बाकीच्या माझ्या पोरी — ज्यांना मी वर्षानुवर्षं एकत्र खेळायला शिकवलं — एकेकट्या धडपडत होत्या. निवड करणाऱ्या मॅडम कुणालातरी म्हणाल्या, "इन बच्चियों को किसी ने साथ खेलना नहीं सिखाया? कोच कौन है इनका?"

मी बुटाची लेस बांधायला वाकलो. लेस सुटली नव्हती. विश्वजीत माझ्याकडं बघत होता.

२२ फेब्रुवारी, रविवार

प्रॅक्टिसला गेलो नाही. दुपारी जेवताना रुचीला विचारलं, "तू सगळ्यांना का सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणता ना पप्पा, मी एकीला सांगतो, तिनं सगळ्यांना सांगायचं."

बरोबर. माझीच पद्धत. तिला बिचारीला वाटलं, टीमसाठी सांगितलंय. भात पुढ्यात घेऊन तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. वाईट वाटलं आणि, खोटं कशाला लिहू, हायसंही वाटलं. बाप काय करायला निघाला होता ते तिला कळलं नाही. एवढं तरी वाचलं.

वीणानं वाढता वाढता माझ्याकडं बघितलं. तिला कळलंय.

२७ फेब्रुवारी

निकाल. आमच्यातली एकटी गीता.

संध्याकाळी गुरुजी पेढे घेऊन घरी. "नीलकंठराव, तुमच्यामुळं झालं हे." शुगर आहे म्हणून पेढा खाल्ला नाही. एरवी खातो. गुरुजींना एकच काळजी, तिथं एकादशीला साबुदाणा मिळेल का? रुची म्हणाली, "काका, काळजी नका करू, मी तिला उपासाच्या सामानाची लिस्ट करून देते." दोघी गॅलरीत बसून किती वेळ हसत होत्या. रुचीच्या हसण्यात मला काही वेगळं ऐकू येतंय का म्हणून कान देऊन बसलो. नव्हतं.

रडायचं होतं ते मलाच.

१ मार्च, रविवार

शेवटची प्रॅक्टिस. शिट्टी विश्वजीतला दिली. तो म्हणाला, "काका, मी दोन्ही शिकवीन." मी म्हटलं, आधी चेंडू आण. पोरींना निवडीचं काही सांगणार होतो, घरून ठरवून निघालो होतो. त्या पाया पडायला लागल्या आणि राहून गेलं.

५ मार्च

होळीचा रंग अजून नखांत आहे. सामान बांधतोय. उद्या सकाळची गाडी.

रुची वळकटी आवळत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पप्पा, मला माहीत होतं. ते तुम्ही मला एकटीलाच सांगितलं होतं."

हातातलं काम थांबलं. म्हटलं, "मग सगळ्यांना का सांगितलंस?"

"नाहीतर त्या मला पास देत राहिल्या असत्या. आणि मी चेंडू ठेवून घेत राहिले असते."