सळईनं ढकललेली पुंगळी

बाबा, निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करा, असा हुकूम अजूनही निघतो. परवा इथे गोंदियात ती बातमी वाचली आणि सौंदडच्या स्वयंपाकघरातले तुम्ही आठवलात. ठाण्यात जाण्याआधी आजोबांचं ते विलायती रिवॉल्वर तुम्ही पाटावर फडकं अंथरून रिकामं करायचात आणि मी शेजारी बसून बघायचे. घोडा अर्धा ओढून चक्रीच्या उजवीकडची छोटी खिडकी उघडायची, नळी वर धरायची, चक्री एकेक घर फिरवायची. न उडालेलं काडतूस आपल्या वजनानं खाली घसरतं. उडालेल्याची पितळी पुंगळी मात्र फुगून घराला धरून बसते. तिच्यासाठी नळीखाली स्प्रिंगची सळई. मागे दाबली की पुंगळी खिडकीतून बाहेर, सोडली की सळई परत जागेवर. हे तुम्हीच मला शिकवलंत, तिथेच तुमचं चुकलं.

कारण त्या वर्षी पाच घसरली आणि सहाव्या घरात तुम्हाला सळई घालावी लागली, तीही दोनदा. मी बघतच राहिले तर म्हणालात, "काऊन पाहून राहिली तशी? जुनी गोळी होय, फुगली असंन." आणि मूठ मिटलीत. संध्याकाळी धुवायला टाकलेल्या तुमच्या सदऱ्याच्या खिशात ती सापडली. नुसती पुंगळी, आतून काळी.

आठवडाभर आधी आपला कुत्रा नाहीसा झाला होता. बिबट्यानं नेलं, असं तुम्ही सांगितलंत, आईनंही तेच सांगितलं, आणि दोघांचे शब्द इतके सारखे होते की मला तेव्हाच खटकलं. अंगणात ओढत नेल्याची खूण नव्हती. फावड्याला ओली माती होती.

तेव्हापासून मी कोणाचं काही खरं धरत नाही. वांगं दाबून घेते, नवरा जेवून आलो म्हणाला की त्याचा हात हुंगते. घरचे हसतात. मी मनात म्हणते, ज्याच्या बापानंच तोंडावर खोटं सांगितलं त्यानं आणखी काय करावं? तुमचा राग मी इतकी वर्षं धरून ठेवला, तुम्ही गेल्यावरसुद्धा. ती पुंगळी अजून माझ्या कपाटात आहे.

पण कुत्रा नाहीसा होण्याच्या आदल्या दिवशीचा दवाखान्याचा तो रस्ताही आठवतो. माझ्या पोटरीवरची जखम बघून तुम्ही मला सायकलवर बसवून इंजेक्शनं घ्यायला नेलंत. आपलाच कुत्रा चावला, असं मी सांगितलं होतं. वाटेत एकदा तुम्ही हँडलवरचा हात काढून डोळे पुसलेत. धूळ गेली असेल, असं मला वाटलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. शेजारच्यांच्या पेरूच्या वाडीत जायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं. मी गेले होते. पोटरीला त्यांच्या कुंपणाची तार लागली होती, बाबा. कुत्रा चावलाच नव्हता.