बूट बसला असं कधी म्हणायचं

आप्पा, तुमच्या माघारी या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. शिसवीचे पायाचे साचे केले, पाच नंबरपासून अकरापर्यंत, मधल्या अर्ध्या नंबरांसकट, डावा वेगळा, उजवा वेगळा. कातडं साच्यावर ताणून धरायची पकड केली, भंगारातल्या ट्रकच्या पाट्यापासून. रबराचा तळ चिकटवल्यावर त्याला सगळीकडून सारखा दाब बसावा म्हणून गाडीच्या जॅकवर चालणारा शिकंजा केला. आणि नागापूरच्या आपल्या खोलीमागे पत्र्याचं जे शेड टाकलं, त्यात एक लाकडी फट केली: माणसाच्या उंचीच्या दोन सागवानी फळ्या समोरासमोर उभ्या, त्यांच्यातून आरपार आटे पाडलेल्या चार सळ्या. पान्यानं नट फिरवले की फळ्या जवळ येतात किंवा लांब जातात, बोटभर फटीपासून वीतभर फटीपर्यंत. आणि बूट केले. कड्याच्या चिरेत पाय घालून चढणाऱ्या लोकांचे बूट. शिवण उसवली म्हणून त्यातला एकही जोड परत आलेला नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय.

तुम्ही म्हणाला असता, "डोंगर चढायला बूट कशाला रं? आमी राजूरच्या वरती गुरांमागं अनवाणीच पळायचो की." खरं आहे. पण तो चढ होता, हा कडा आहे. सरळ उभा काळा कातळ आणि त्याला वरपासून खालपर्यंत गेलेली एक चीर. धरायला दुसरं काही नाही. तेव्हा हात चिरेत घालायचा, आणि पाऊल कुशीवर वळवून, अंगठा वर, करंगळी खाली, असं आत सारायचं. मग बाहेर गेलेला गुडघा सरळ वर आणायचा. पाऊल आतल्या आत पिळलं जातं, दोन्ही बाजूंच्या दगडाला घट्ट लागतं, आणि त्या अडकलेल्या पायावर सगळं वजन टाकून माणूस उभा राहतो. खाली कितीही खोल असो. म्हणून या बुटात नंबर हीच सगळ्यात अवघड गोष्ट.

पुण्याहून पोरं येतात, मोबाईलवर बघून आलेली. त्यांना वाटतं चढायचा बूट म्हणजे दोन नंबर लहान, आत बोटं मुठीसारखी आवळलेली. बारीक कंगोऱ्यावर टोकानं उभं राहायला ते चालतं, चिरेत नाही. आवळलेल्या बोटांची पेरं वर उचललेली असतात आणि दगडात नेमकी तीच चेंगरतात. चिरेसाठी बोटं आत सपाट पडलेली पाहिजेत, टोकाला नुसती टेकलेली. टाचेत मात्र हवा नको, नाहीतर पाय पिळताना आतल्या आत फिरतो. कातडं वापरानं अर्धा नंबर पसरतं, तेवढं आधीच धरायचं. कृत्रिम कापड पसरत नाही, तिथं धरायचं नाही. माप संध्याकाळी घ्यायचं, पाय दिवसभराचा भरलेला असताना, दोन्ही पायांचं घ्यायचं आणि मोठ्या पायाचं ऐकायचं. एवढं करून मी गिऱ्हाइकाला त्या फळ्यांच्या फटीत पाय पिळून उभं करतो. तेव्हा मी पायाकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. डोळे गच्च मिटले तर बूट लहान. काहीच झालं नाही, गप्पा तशाच चालू राहिल्या, तर कुठंतरी चुकतंय. भुवई एकदा हलली पाहिजे आणि परत जागेवर आली पाहिजे.

कुणी शिकवलं नाही म्हणालो खरं, पण बुटाचा विचार करायला मी तुमच्या पायांपासून लागलो. ओतकामाच्या कारखान्यात तुम्हाला वर्षाला एक जोड मिळायचा, पुढे बोटांवर लोखंडी वाटी असलेला. तुमचा पाय नऊ. स्टोअरमध्ये आठ आणि दहा. दहात पाय मागेपुढे होतो, तापल्या रसाजवळ अडखळायला होतं, म्हणून तुम्ही आठ घ्यायचात. पाळीहून आलात की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून दोन्ही हातांनी बूट उपसायचात आणि आई पोळपाटावरून मान न उचलता म्हणायची, "बदलून आना की वो." तुमचं ठरलेलं, "बसंल की. सवय हुती." एका वर्षी खरंच तुम्ही बूट काढून पाय लांब केलेत आणि म्हणालात, "आता बगा, कायबी तरास न्हाई. बसला बूट." मी भिंतीला टेकून बसलोय, टायर रिमोल्डिंगच्या दुकानात नुकता लागलेला, अंगाला रबराचा वास. मला ते खरं वाटलं. आईला वाटलं. तिनं देवापुढे साखर ठेवली.

त्याच वर्षी स्टोअरमधून दहा नंबरचा एक जोड तुम्ही माझ्यासाठी आणलात. मी तो घातलाच नाही. तुम्ही कामावर गेल्यावर स्वयंपाकघरातल्या विळीवर धरून उभा चिरला, शिवण कशी आहे बघायला. तुम्ही आलात, दारातच थांबलात. "नवा बूट फाडला व्हय रं? उद्या बापाला फाडून बगशील." तुम्ही पाणी प्यालात, सदरा खुंटीला लावलात, आणि मग शेजारी येऊन उकिडवे बसलात. "आत काय निगालं?" मी म्हटलं, "पुठ्ठा." "पुठ्ठा?" तुम्ही तो तुकडा हातात घेऊन वाकवून बघितलात. "तरीच कुई कुई करतंय." आणि इतकं हसलात की आईलाही हसू आलं. आज मी एखादा परदेशी बूट चिरतो तेव्हा ते हसणं ऐकू येतं, आणि कधी कधी मी एकटाच त्या शेडमध्ये म्हणतो, आप्पा, यात पुठ्ठा नाही.

मग ती थंडी. तुम्ही शेगडीपुढे पाय करून बसला आहात, स्लिपर घातलेली. मी बाहेरून आत येतोय आणि मला जळक्या रबराचा वास येतोय. तो माझ्या धंद्याचा वास, म्हणून वाटलं माझ्याच कपड्यांना येत असेल. मी निवांत हातपाय धुतले. आई ओरडली, "आवो, चप्पल!" तेव्हा तुम्ही खाली बघितलंत. स्लिपरचा तळ वितळून पायाला चिकटला होता आणि तुम्ही त्याच्याकडे असे बघत होता, जणू शेजारी बसलेल्या कुणाचा पाय आहे. साखरेचा आजार तोवर तुम्हाला किती वर्षं होता कोण जाणे. आठ नंबरचा बूट कधीच बसला नव्हता, आप्पा. लोखंडाची वाटी पसरत नसते. बोटांना कळायचं बंद झालं होतं आणि आपण तिघं त्याला सवय म्हणत होतो. आधी अंगठा काढला, पुढं अर्धं पाऊल, पुढं गुडघ्याखालून. दवाखान्यातल्या खाटेवर तुम्ही म्हणालात, "आता दुकानदाराला म्हनावं एकच दे, निम्म्या पैशात." वॉर्डातले सगळे हसले. तुमची सून हसली नाही. लग्न होऊन ती घरात आली ती तुमच्या पट्ट्या बदलायलाच.

आता यंदाचं सांगतो. राजूरकडच्या शाळेत शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, तिशीच्या, सुट्टीत कडे चढतात. माझ्याकडचा त्यांचा हा दुसरा जोड. अगदी अरुंद चिरेसाठी पुढून चपटा, मऊ बूट मी नव्यानं बसवत होतो. माझी पद्धत अशी की कुठलाही नवा नमुना आधी माझ्या मापात, नऊ नंबरात करायचा, फटीत घालून स्वतः उभं राहायचं, आणि माझ्या पायानं हो म्हटल्यावरच त्यावरून बाकीचे नंबर काढायचे. मॅडम माप द्यायला आल्या होत्या. "काका, मागच्या बुटानं करंगळी वाचली, आता अंगठाही वाचवा." मी म्हटलं, "अंगठा तुमचा तुम्ही वाचवायचा, मी फक्त जागा देतो." आणि पातळ मोज्यावर नमुन्याचा बूट चढवून फटीत पाय घातला, पिळला, उभा राहिलो, आणि बोलत राहिलो. बोटं कशी सपाट पाहिजेत, दुखणं आणि टोचणं यात फरक काय, टोचलं तर बूट लगेच काढायचा, सहन करायचं नाही, वगैरे. बराच वेळ बोललो. मग म्हटलं, "हे बघा, कुठंही काही नाही," आणि बूट काढला.

"काका, मोज्याला काय लागलंय?"

"सोल्युशन असेल."

"लाल?"

साच्यावर कातडं ताणताना ते बारीक खिळ्यांनी तात्पुरतं ठोकतात. तळ चिकटवण्याआधी सगळे खिळे उपटायचे असतात. मी उपटतो, मोजून डबीत टाकतो. त्या बुटातला एक राहिला होता, टोक वर करून, अंगठ्याच्या बरोबर खाली. मी त्यावर उभा राहून, पाय पिळून, टोचण्यावर बोलत होतो. मॅडम खाली वाकल्या तसा मी पाय ओढून घेतला. "जुनी जखम आहे, उघडली असेल." त्या माझ्या पायाकडे बघत नव्हत्या, तोंडाकडे बघत होत्या. मी शिकवलेलंच. मग हळूच म्हणाल्या, "माप पुढच्या आठवड्यात देऊ का?"

तुमच्या सुनेला मोजा धुताना कळलं. तिनं सरळ रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. हातात नायलॉनचा एक ताठ दोरा होता. म्हणाले, "तळव्याला टेकवतो, कळलं की हो म्हणा." मी डोळे मिटून थांबलो. डॉक्टर अजून सुरू का करत नाहीत म्हणून उघडले, तर ते दोरा ठेवून हात धूत होते. दोन्ही पायांचं झालं होतं. ही कोपऱ्यात खुर्चीवर बसून सगळं बघत होती. परत येताना रिक्षात म्हणाली, "आप्पांचे पाय मी धुतले. तुमचेबी धुईन. पन मला फसवू नका." मी म्हटलं, "फसवत नाही. मलाच ठाऊक नव्हतं." "बूट काढल्यावर तर कळलं हुतं ना?"

त्या आठवड्यात एका दुपारी शेडचं दार लावून मी फटीत अनवाणी पाय घातला आणि नट आवळत गेलो. एक आटा, अजून एक आटा. घोट्यापाशी ओढ जाणवायची, हाडावर ओझं आल्याचं कळायचं, त्याच्या पुढे काही नाही. पावलाचा पुढचा भाग म्हणजे बुटात भरलेला भुसा. बोटं पांढरी पडल्यावर भिऊन नट सोडला, ते डोळ्यांना दिसलं म्हणून, पायाला कळलं म्हणून नाही. तेव्हा मला पहिल्यांदा तुम्ही उंबऱ्यावर "बसला बूट" म्हणताना कसे खूश होता ते आतून समजलं. तो खोटेपणा नव्हता. दुखायचं थांबलं की माणसाला बरंच वाटतं.

मॅडमचा जोड मी त्यांच्याच पायावर, त्यांच्या तोंडाकडे बघून पुरा केला. चांगला झालाय. त्यानंतर कुठल्याच नव्या नमुन्याला हात लावलेला नाही. रोज पाय तपासतो, आरसा खाली धरून. म्हणजे ती तपासते, मी आरसा धरतो.

आणि नेमके आता पुण्याच्या एका कंपनीचे दोघं येऊन गेले. चढण्याचं सामान विकतात, बूट इथंच करायचे म्हणतात. साचे हातात घेऊन बघितले, शिकंजा बघितला, फळ्यांच्या फटीत आळीपाळीनं पाय घालून हसले. त्यातला मोठा म्हणाला, "काका, मशिनं येतील, कारागीर मिळतील. हा पाय कुठं मिळणार? प्रत्येक नवा बूट आधी तुम्ही घालायचा. तुम्ही हो म्हणालात की आम्ही पुढं जाणार." ही चहा घेऊन दारात उभी होती. एक शब्द बोलली असती तर त्यांना सगळं कळलं असतं. तिनं कप ठेवले आणि आत गेली. मी म्हटलं, "मी कुणाच्या हाताखाली काम करत नाही." त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच म्हणालो, दुसऱ्यांदा जरा जास्तच ताठ्यात. आता गल्लीत सगळे म्हणतात, लई माज आहे याला. मी त्यांना तसं म्हणू देतो. तुम्हाला हे पोचणार नाही, आणि पोचण्यासारखं असतं तर मी लिहिलंही नसतं, म्हणून इथं एवढं कबूल करतो: माज नव्हता तो, आणि नोकरी मला हवी होती. महिना नव्वद हजार, साच्यांचे एकरकमी सात लाख वेगळे, आणि प्रत्येक बुटाच्या जिभेवर माझं नाव.